मच्छेमार्गे आलेली मेथी

माझ्या निवृत्तीच्या सत्काराला एका वक्त्यांनी सांगितलं, "यांनी आयुष्यभर तालुक्यातल्या पोरांना जेवू घातलं." टाळ्या पडल्या. बायको पहिल्या रांगेत बसून हसत होती, कारण मला घरी चहासुद्धा धड करता येत नाही हे त्या सभागृहात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर मी कुणालाही जेवू घातलेलं नाही. सरकारी शाळांत दुपारी जे जेवण मिळतं, त्याच्यावर देखरेख ठेवणारा मी माणूस. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या शाळाशाळांतून मोटरसायकलीवरून हिंडायचं, कोठीत उंदीर शिरलाय का बघायचं, तांदळाला वास मारतो का बघायचं, आणि पोरांची पंगत बसायच्या आधी वाटीभर सांबार सगळ्यांदेखत स्वतः पिऊन दाखवायचं, हे माझं काम. दिवसात चार शाळा झाल्या की चार वाट्या सांबार. संध्याकाळी बेळगावात खासबागेतल्या घरी पोचलो की बायको विचारायची, "आज काय करू?" मी म्हणायचो, "सांबार सोडून काहीही कर."

आमच्याकडं या जेवणाला 'बिसीऊट' म्हणतात. शब्द कानडी, अर्थ गरम जेवण. मराठी शाळेतली मराठी पोरंसुद्धा "बाई, बिसीऊटची घंटा झाली" असंच ओरडतात. सीमाभागात ज्या एका शब्दावरून आजवर कुणी मोर्चा काढला नाही, असा बहुधा हाच.

या जेवणाची रीत साधी आहे. तांदूळ, डाळ, तेल सरकारी गोदामातून येतं. भाजी तेवढी हेडमास्तरांनी आणायची. हेडमास्तर ती आठवड्याच्या बाजारातून आणतात, आणि एकदा आणली की ती आठवडाभर टिकली पाहिजे असं त्यांना वाटतं. म्हणून अख्ख्या तालुक्याची पोरं कोबी खात मोठी झाली. कोबी कुठंही टाकून ठेवला तरी तक्रार करत नाही. सरकारी खात्यात टिकायला लागतो तो स्वभाव त्याच्यात आहे.

मला स्वतःला भाजीतलं काही कळत होतं असं समजू नका. माझा जन्म बेळगावच्याच वडगावात, विणकराच्या घरात. लहानपणी कानावर फक्त मागाचा खटका. साडीचा काठ बघून कुणाच्या मागावरची ते सांगता यायचं. भाजीची आणि माझी गाठ मात्र थेट ताटात. मुळ्याचा पाला आणि बिटाचा पाला वेगळा असतो हे मला नोकरीत शिरल्यावर कळलं, आणि तेही एका तिसरीतल्या मुलीनं सांगितलं.

तर अशा मला एके वर्षी सेंद्रिय भाजीचा अधिकारी केलं गेलं.

झालं असं की जिल्ह्याला नवे साहेब आले. तरुण, हुशार, आणि मनानं चांगले. चांगले होते हे मुद्दाम लिहितो. वाईट साहेब काही करतच नाही, त्यामुळं त्याच्या हातून फारसं बिघडतही नाही. आमचे साहेब कुठंतरी प्रशिक्षणाला जाऊन आले आणि तिथून एक कल्पना घेऊन आले. शाळेतल्या पोरांना आसपासच्याच लहान शेतकऱ्यांची, औषध न मारलेली भाजी खाऊ घालायची. निवडक शाळांत प्रयोग करायचा. कल्पना खरोखर चांगली होती. मलाही आवडली. पुढं जे घडलं त्यात कल्पनेचा काही दोष नाही.

हेडमास्तरांची सभा भरली. पडद्यावर कानडीत मोठ्या अक्षरांत 'सावयव' असा शब्द आला. साहेब दक्षिण कर्नाटकातले, त्यांना मराठीचा गंध नव्हता. नंदगडच्या पुढं, जंगलातल्या रस्त्यानं जावं लागतं अशा एका गावात नाईक गुरुजी म्हणून हेडमास्तर होते. ते उभे राहिले.

"साहेब, सावयव म्हणजे अवयव असलेली. आता वांग्याला देठ असतो, पानं असतात. पण मटणाबद्दल काही असेल तर आधीच सांगा, आमच्या शाळेत माळकरी लोकांची पोरं आहेत."

सभा हसली. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी समजावून सांगितलं की मराठीत ज्याला सेंद्रिय म्हणतात त्याला कानडीत सावयव म्हणतात, आणि गुरुजींना शंका काढायची सवय आहे. साहेबही हसले. सभेनंतर जेवणात पनीरची भाजी होती. पनीर कुठल्या गावच्या म्हशीचं ते कुणी विचारलं नाही.

सुरुवात नाईक गुरुजींच्याच शाळेपासून करायची ठरवून मी तिथं गेलो. गुरुजींनी गावातल्या बायकांच्या गटाची पुढारी शांताक्का हिला बोलावून घेतलं. साठीला टेकलेली बाई, अंगानं सडपातळ, आवाज मात्र शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधापर्यंत पोचणारा. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त रोज बाहेर, शेती हिच्याकडं. शाळेच्या भिंतीला लागूनच तिचं रान. भाताची काढणी झाली होती आणि वाफ्यांतून मेथी, मुळा, वांगी, रताळी लावलेली होती.

मी विचारलं, "आक्का, भाजीला औषध मारतासा काय?"

"न्हाय ओ. रान केवढं ते! शेण घालायचं, राख टाकायची, किडं दिसलं की येचून टाकायचं. औषध कशाला?"

"म्हणजे तुमची भाजी सेंद्रिय."

ती दचकली. "अगं बया! मग शाळंत चालणार न्हाय व्हय?"

चालणार, तीच पाहिजे आहे, असं सांगितल्यावर तिचा विश्वास बसेना. बेळगावचा व्यापारी आजवर तिच्या भाजीला नाक मुरडत आला होता. पानाला भोक आहे, वांगं वाकडं आहे, म्हणून. आणि इथं एक सरकारी माणूस मोटरसायकलीवरून येऊन म्हणत होता की भोकाचीच पाहिजे. बायकांनी बैठक घेतली. कुणी काय लावायचं, कुठल्या वारी कुणाची भाजी द्यायची, सगळं ठरलं. मी खूश होऊन तसं वर कळवलं.

वरून उत्तर आलं, की भाजी सेंद्रिय असल्याचा दाखला पाहिजे. मागोमाग तपासनीस आला. भला माणूस होता, चिखलात बूट घालून उतरला. त्यानं शांताक्काला विचारलं, आधी कुठलं औषध मारत होता? ती म्हणाली, कुठलंच नाही. मग बंद कधी केलं? सुरूच केलं नव्हतं. तपासनीस अडचणीत आला. त्याच्या नियमात औषध बंद केल्यापासून काही वर्षं मोजायची होती, आणि इथं मोजायला सुरुवात कुठून करायची तेच सापडेना.

शांताक्कानं त्याची अडचण ओळखली. ती म्हणाली, "मग असं करूया काय सायेब? एकदा मारतो आणि बंद करतो. म्हंजे बंद केल्यालं तरी दिसंल."

तपासनिसानं यावर खरंच विचार केला. मी त्याचा चेहरा बघत होतो. मग "वर विचारून सांगतो" म्हणून तो गेला, तो अजून विचारतोच आहे.

दाखला मिळाला प्रकाशशेठना. प्रकाशशेठ म्हणजे याआधी आमच्या शाळांना बाक, झाडू, पाण्याच्या टाक्या पुरवणारे गृहस्थ. त्यांची बेळगावजवळ मच्छे गावी औद्योगिक वसाहतीत मोठी शेड होती. शेडच्या मागं एक आंब्याचं झाड होतं, तेवढीच त्यांची शेती. पण दाखला रंगीत होता, आणि साहेबांना प्रयोग तर सुरू करायचा होता. प्रयोगातल्या सगळ्या शाळांची भाजी प्रकाशशेठकडं गेली. हिरव्या रंगाची व्हॅन आली. तिच्यावर हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र होतं. तो शेतकरी त्याच्या पगडीवरून पंजाबातला वाटत होता. प्रत्येक भाजी प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवीवर पानाचं चिन्ह.

मी शांताक्काला हे सांगायला गेलो तेव्हा ती वांगी तोडत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमी लावून बसलो की ओ." एवढंच. ती पुन्हा वांगी तोडायला लागली, मी परत फिरलो.

त्या शाळेत स्वयंपाकाला गंगव्वा होती. कानडी मुलखातली, बैलहोंगलकडची, लग्न होऊन या गावात आलेली. मराठी सफाईनं बोलायची, फक्त आमच्या व्याकरणाशी तिनं कधी समझोता केला नाही. एका सोमवारी मी चाखायला म्हणून गेलो, तर ती आणि भाजी निवडू लागायला आलेली शांताक्का चुलीजवळ बसल्या होत्या. गंगव्वानं मेथीची पिशवी फाडली. आतून वास आला. पानं चिकट झालेली.

"हे सावयव बघा सर," गंगव्वा म्हणाली. "हे मेथी न्हाय, हे मेथीचं मढं."

मी एक जुडी उचलली. तिला दोऱ्याऐवजी कापडाची पट्टी बांधलेली होती. हिरवी पट्टी, लाल काठ, काठात बारीक रुईफूल. हात आपोआप थांबला. असा काठ आमच्या शहापूर-वडगावच्या मागावरचा. मी ती पट्टी उजेडात धरून बघत होतो, तेवढ्यात शांताक्कानं ती माझ्या हातातून ओढून घेतली.

"मेथीचं ऱ्हाऊ द्या सायेब. माझी साडी हितं कशी आली?"

"तुमची साडी?"

"माझ्या लेकीच्या लग्नातली. फाटली म्हणून गेल्या साली फाडून पट्ट्या केल्यात. जुड्या बांधायला."

मग उलगडा झाला. शाळेनं भाजी घेतली नाही म्हणून बायकांनी ती नेहमीसारखी व्यापाऱ्याला घातली होती. व्यापाऱ्यानं बेळगावच्या बाजारात नेली. तिथून प्रकाशशेठच्या माणसांनी उचलली, मच्छेच्या शेडमध्ये नेऊन पिशवीत भरली, पान चिकटवलं, आणि व्हॅन नंदगडावरून जंगलातल्या रस्त्यानं ती घेऊन परत याच गावात आली. चुलीजवळच्या खिडकीतून शांताक्काचा मेथीचा वाफा दिसत होता. तिथून इथं यायला मेथीला अख्खा जिल्हा हिंडावा लागला होता.

गंगव्वा हसून हसून भिंतीला टेकली. "मेथी बेळगाव बघून आलं! मच्छे बी बघून आलं! लग्न झाल्यापासून मला कोण न्हेलं न्हाय!"

शांताक्काही आधी हसली. मग तिचा चेहरा बदलला. तिनं ती चिकट पानं हातात घेतली आणि म्हणाली, "माझी मेथी अशी न्हाय सायेब. पोरं खाणार आणि म्हणणार, शांताक्काची मेथी सडकी." ती उठली. "उद्यापास्नं मी फुकट घालते शाळंला. मला काय बी नको."

मी तिला सांगितलं की फुकट भाजी घेता येत नाही. देणगी घ्यायची तर त्याला वेगळी परवानगी लागते. हे मी सांगितलं, आणि सांगताना माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

हातातली पानं टाकून ती निघून गेली.

मी मच्छेला गेलो. प्रकाशशेठनी चहा दिला, पंखा माझ्याकडं फिरवला. मी दुसऱ्या एका जुडीची साडीची पट्टी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मग चुकलं काय साहेब? तुमच्या साहेबांना भाजी जवळची पाहिजे. जवळचीच हाय. लहान शेतकऱ्याची पाहिजे. हाय. औषध नको. न्हाय. सगळं बरोबर हाय. फकस्त मधी मी हाय."

मी पट्टी खिशात घातली आणि निघालो.

साहेबांना सांगितलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं. ते म्हणाले की पुढच्या आठवड्यात बंगळूरहून पाहणीला माणसं येत आहेत, तेवढं नीट पार पडू दे, नंतर बघू. 'नंतर बघू' हे कानडीत फार गोड ऐकू येतं.

पाहणीसाठी शाळा निवडली नाईक गुरुजींची, कारण तिथून डोंगर दिसतो आणि फोटो चांगला येतो. दारात आंब्याची पानं बांधली, मंडप घातला, प्रकाशशेठच्या नावाचा मोठा फलक लावला. शेतकऱ्याचा सत्कार ठेवला होता. शेतकरी प्रकाशशेठच देणार होते. त्यांच्या शेडवरच्या वॉचमनला त्यांनी नवा फेटा घेतला होता आणि तो व्हॅनमधूनच येणार होता, भाजीबरोबर.

पाहुणे आदल्या दिवशीच खानापूरला येऊन राहिले. आणि पाहणीच्या सकाळी बंद पुकारला गेला.

कुणी पुकारला ते लिहीत नाही. दोन्ही भाषांचे बंद मी बघितलेत, दोन्हींत बस तेवढीच बंद असते आणि वडापाव तेवढाच चालू असतो. व्हॅन हमरस्त्याला लागताच बंदवाल्या पोरांनी अडवली, कारण तिच्यावरची अक्षरं चुकीच्या भाषेत होती. तोडफोड केली नाही, फक्त चाकांतली हवा सोडली आणि गाजरं खाल्ली. या प्रयोगाचा पहिला ताजा लाभ त्या कार्यकर्त्यांना झाला.

ड्रायव्हरचा फोन गुरुजींना आला तेव्हा ते पाण्याच्या टाकीच्या शिडीवर होते. गावात फोन लागायची तेवढीच जागा. तिथूनच ते ओरडले, "ओ, भाजी न्हाय! शेतकरी बी न्हाय!"

गंगव्वा चुलीजवळून बाहेर आली. "डाळ शिजलं. आता त्याच्यात काय घालू, फलक?"

पाहुण्यांच्या गाड्या निघाल्याचं कळलं होतं. मंडपात पोरं येऊन बसू लागली होती. मी भिंतीवरून उडी मारून शांताक्काच्या रानात गेलो. त्या वयात मारायला नको होती. गुडघ्यानं पुढं बरेच दिवस आठवण दिली. ती मेथीला पाणी पाजत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "कसं काय आलासा? मच्छेचा रस्ता तिकडं हाय."

"आक्का, व्हॅन आली नाही."

"मग? मला काय करायचंय?"

मी साहेबांचं नाव काढलं नाही, पाहुण्यांचं काढलं नाही. म्हणालो, "पोरं ताटं घेऊन बसल्यात."

तिनं फावडं टाकलं. माझ्याकडं असं बघितलं की मीच पोरांचा घास काढून घेतलाय. "आधी सांगायचं न्हाय व्हय हे? गं पारू! गं सुमन! या गं बाहेर, शाळंत भाजी न्हाय!"

तो आवाज गावभर गेला. त्यानंतर जे झालं ते मी नोकरीत पुन्हा बघितलं नाही. घराघरांतून बायका निघाल्या. कुणी मेथी उपटली, कुणी मुळे, कुणी वांगी. एकीनं चुलीत भाजत घातलेली रताळी तशीच राखेसकट पदरात आणली. व्हरांड्यात विळ्या मांडल्या गेल्या. गंगव्वा कानडीत हुकूम सोडत होती आणि ज्यांना कानडी येत नव्हतं त्याही ते पाळत होत्या. गुरुजी मुळ्याची माती धूत होते. मला कोथिंबीर निवडायला दिली आणि नंतर काढून घेतली.

पाहुणे आले तेव्हा सांबाराला उकळी होती. त्यांच्यातल्या प्रमुख म्हणजे एक वयस्क बाई होत्या, पांढरे केस, साधी सुती साडी, फारसं न बोलणाऱ्या. त्या मंडपातल्या खुर्चीवर न बसता पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसल्या. साहेबांनाही मग बसावं लागलं. पोरं सांबार भुरकत होती, रताळ्याची सालं एकमेकांवर उडवत होती. एक मुलगी गंगव्वाला म्हणाली, "आज मेथी कडू न्हाय गं." गंगव्वानं तिला आणखी एक पळी वाढली.

बाईंनी ताट पुसून घेतलं आणि विचारलं, "ही भाजी कुणी पिकवली?"

साहेबांनी मंडपात फेटा शोधला. फेटा हमरस्त्यावर अडकला होता. व्हरांड्याच्या खांबाला टेकून शांताक्का उभी होती, हाताला माती. बाईंनी तिला जवळ बोलावून कानडीत तेच विचारलं. शांताक्काला कानडी कळायचं, पण मोठ्या माणसांसमोर तोंडातून निघायचं नाही. तिनं मराठीत उत्तर दिलं आणि माझ्याकडं बघितलं.

"सांगा की ओ सायेब तेंला. भाजी माझीच हाय. नेहमीबी माझीच असत्या. पर माझी म्हणून आली तर चालत न्हाय. मच्छेला जाऊन आली की चालत्या."

साहेब माझ्याकडं बघत होते. गुरुजी जमिनीकडं. माझी नोकरी संपायला थोडंच राहिलं होतं, आणि असल्या वेळी माणूस शहाणा होऊन गप्प बसतो. पण पोटात मेथीचं ताजं सांबार होतं. मी शब्दाला शब्द लावून कानडीत सांगितलं. मच्छेला मच्छेच म्हणालो.

बाईंनी मान हलवली, शांताक्काचा मातीचा हात हातात घेतला आणि उठल्या.

आता तुम्हाला वाटेल की प्रकाशशेठचं काम गेलं, शांताक्काचा सत्कार झाला. तसं काही झालं नाही. दुपारनंतर बंद ढिला झाला, चाकांत हवा भरून व्हॅन आली, प्रकाशशेठ आले. सत्काराची शाल तयार होती, फेटाही आला होता. पाहणीच्या अहवालात लिहिलं गेलं की बंद असतानाही मुलांना ताजी सावयव भाजी मिळाली, यावरून पुरवठ्याची व्यवस्था किती भक्कम आहे ते दिसतं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. वॉचमन शांताक्काची उरलेली मेथी हातात धरून हसत होता. माणूस चांगला होता बिचारा, नंतर मला भेटला तेव्हा म्हणाला, "फेटा ठेवून घेतलाय साहेब, पोराच्या लग्नात होईल."

पण गाडीत बसायच्या आधी त्या बाईंनी मला बाजूला घेतलं होतं. पुरवठा आला नाही तर नियम काय आहे, असं विचारलं. मी सांगितलं, त्या दिवसापुरती हेडमास्तरांनी जिथं मिळेल तिथून भाजी घ्यावी, असा आपत्कालीन नियम आहे.

बाईंनी जंगलाकडं बघितलं. "या रस्त्यावर पुरवठा वरचेवर अडत असेल."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या हसत नव्हत्या.

"अडतो, मॅडम."

"रस्ता वाईट आहे," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

त्या दिवसापासून मी निवृत्त होईपर्यंत नाईक गुरुजींच्या शाळेत आणीबाणी होती. कधी झाड आडवं पडायचं, कधी ओढ्याला पाणी यायचं. बहुतेक वेळा रस्त्यात गवा उभा असायचा. गुरुजींना गवा फार आवडला. त्यांनी तो इतक्या वेळा वर कळवला की शेवटी वन खात्याचा माणूस गव्यांची गणती करायला शाळेत आला. गुरुजींनी त्याला जेवायला बसवलं, मेथीचं सांबार वाढलं, आणि तो "मोठा कळप दिसतोय" असं म्हणून गेला. शांताक्काच्या बायका भाजी घालत राहिल्या. प्रकाशशेठचीही तक्रार नव्हती. न पाठवलेली भाजी कधी नासत नाही.

अशा दोनतीन शाळांत मला आणीबाणी लावता आली. बाकीच्या शाळांचा रस्ता चांगला होता. तिथं डांबर होतं, जंगल नव्हतं, सांगायला गवा नव्हता, आणि हेडमास्तरांना उगाच खोटं लिहायची हौस नव्हती. तिथल्या पोरांनी प्लास्टिकमधली मेथी खाल्ली, नाहीतर ताटाच्या कडेला सारली. ती ताटं मला अजून दिसतात. मग एके दिवशी प्रयोग यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. सरकारात प्रयोग फसत नाहीत, ते पूर्ण होतात. साहेबांची बढतीवर बदली झाली. निरोप समारंभात ते मला मिठी मारून म्हणाले, "आपण काहीतरी केलं, नाही का?" त्यांचे डोळे भरून आले होते. मी "होय सर" म्हणालो, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात सहज म्हणून त्या गावाला गेलो. नाईक गुरुजी निवृत्त झालेत, शाळेत एक तरुण बाई आहेत. भाजी अजून रानातूनच येते. बायकांनी ती कधी थांबवली नाही आणि नव्या बाईंना तिचा नियम कुणी विचारला नाही. पण शाळेचा व्हरांडा मोठा वाटला. पोरं कमी झालीत. खानापूरहून इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात येते, टाय लावलेली पोरं भरून घेऊन जाते. चुलीवरचं पातेलं मात्र पूर्वीएवढंच होतं. मी गंगव्वाला म्हणालो, "एवढं कुणाला गं?"

"बसा की सर," ती म्हणाली. "घाई काय हाय."

दिवस कलता कलता पिवळी गाडी फाटकाशी थांबली. टाय लावलेली पोरं उतरली आणि घरी न जाता सरळ आमच्या चुलीकडं धावत आली. दप्तरं कट्ट्यावर पडली, बूट निघाले, कोपऱ्यातली ताटं आपली आपण घेऊन पंगत बसली. गंगव्वानं भात वाढला, वर सांबार ओतलं. त्यांच्यात शांताक्काचा नातूही होता. ती त्याला न्यायला आली होती. मला बघून ओशाळली.

"काय करणार सायेब. सूनबाई म्हणत्या, शाळा विंग्लिशच पायजे. असू दे. पर प्वॉट अजून हिकडंच हाय त्येचं."

गंगव्वाच्या हातातली पळी मात्र मला बघून मधेच थांबली होती. इतक्या वर्षांची सवय. पटावर नाव नसलेल्या पोराला शाळेतलं अन्न वाढणं म्हणजे काय, हे मीच तिला कधीतरी डोळे वटारून सांगितलं होतं.

"सर," ती हळूच म्हणाली, "बरीब्याडरी." लिहू नका.

मी म्हणालो, "गंगव्वा, मी आता कुठं काय लिहितो?"

तिची पळी पुन्हा चालू झाली. दिलेला शब्द मी जवळजवळ वर्षभर पाळला. आज मोडतोय तो एवढ्याच भरवशावर, की तिला मराठी वाचता येत नाही. त्या बाजूला कुणाचं जाणं झालं तर कृपा करून हे तिला वाचून दाखवू नका.